उरलेल्यांची साक्ष

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर १९९४

ती. काका,

नमस्कार इथूनच करते. मिरजेला येऊन वाकले तरी तुम्ही पाय मागे घेता, हे लहानपणापासून पाहिलंय.

दीड महिना उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही मला कृतघ्न ठरवलं असणार. ठरवा. चारुताला गोवर झाला होता, कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होत्या, आणि विश्वजीतच्या तळोज्याच्या कारखान्यातल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. घरात तिघंजण आहोत, पण एका वेळी जेवायला बसलोय असं गणपतीनंतर झालेलं नाही.

आता कामाचं. खाडीपलीकडच्या कोळीवाड्याने तक्रार केली आहे, की कारखान्यांचं पाणी खाडीत येतं आणि मासे मरतात. त्यावर चौकशी समिती बसली. समितीला एक स्थानिक तज्ज्ञ हवा होता, प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तुमची पुतणी तज्ज्ञ झाली. प्राणिशास्त्र शिकवायला लागून अकरा वर्षं झाली, पण खाडीच्या चिखलात पाय घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

चाचणी सोपी आहे. वीस टाक्या. दहांत खाडीच्या मुखाजवळचं स्वच्छ पाणी, दहांत कारखान्यांच्या नाल्याजवळचं. प्रत्येकीत चार मासे. चार दिवसांनी किती जिवंत राहिले ते मोजायचं. मासे आणून देतात बुधाजी नावाचे कोळी. साठीचे असतील. मी म्हटलं, बोईटाची पिल्लं आणा. ते रिकाम्या हाताने आले. मग म्हटलं, जे मिळेल ते आणा, तर निवट्यांनी भरलेली घागर घेऊन आले.

निवटी तुम्ही पाहिली नसेल. बोटभर मासा, डोळे टाळूवर, आणि चिखलावर परांच्या जोरावर उड्या मारत हिंडतो. पाण्यातून जमिनीकडे निघालेला आणि वाटेत रमलेला जीव. तुम्हाला आवडेल.

एक काम करा. अहवाल मराठीत हवाय, कोळीवाड्याला कळेल असा. माझं मराठी पाठ्यपुस्तकी आहे. मासे जगले तर निष्कर्षाचं एक वाक्य तुम्ही लिहून द्या. मेले तर मी लिहीन. मेलेल्यांसाठी पाठ्यपुस्तकी मराठी चालतं.

तुमची
अरुंधती


मिरज
२० नोव्हेंबर १९९४

चि. अरुंधती,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे चारुताला दे, गोवरातून उठलेल्या माणसाला जास्त लागतात.

पत्र वाचून मी दोनदा हसलो. जीवशास्त्र ही तत्त्वज्ञानाच्या घरात आलेली सून, असं मी वर्गात सांगत असे. आल्या आल्या तिने सासूला माजघरात बसवलं आणि चूल ताब्यात घेतली. आणि आता सून म्हणते, सासूबाई, जरा फोडणी तेवढी द्या! देतो बाई. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण अजून कोणी फोडणीला बोलावलं नव्हतं.

पण आधी माझी जुनी कुरकूर ऐकून घे. तुम्ही म्हणता, लायक तोच टिकतो. लायक कोण, असं विचारलं तर म्हणता, जो टिकला तो. माझ्या वर्गात एक गणू होता. मी पास झालो कारण मी हुशार, म्हणायचा. हुशार कशावरून? तर पास झालो ना सर! तुमच्या उत्क्रांतिवादाचा पाया या गणूने घातला असावा, असा मला दाट संशय आहे.

तुझी निवटी मात्र डोक्यात बसली. माणूस स्वतःला सृष्टीचं शिखर समजतो. ही बया चिखलात बसून टाळूवरच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघते आणि म्हणत असेल, तुम्ही पुढे गेलात, बरं झालं, इथली गर्दी कमी झाली.

वाक्य घे. चार कागद फाडले यासाठी.

"ज्या पाण्यात जीव टिकतो, ते पाणी जीवनास योग्यच होय."

घोटीव आहे, नाही? कोळ्यालाही कळेल आणि कलेक्टरलाही. 'योग्यच'मधला 'च' काढू नकोस. सगळं वजन त्यावर आहे.

खोकला आहे तसाच आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त टिकायची इच्छा दिसते.

प्रभाकरकाका


नवीन पनवेल
८ डिसेंबर १९९४

ती. काका,

जगले! नाल्याच्या पाण्यातल्या चाळीसपैकी एकोणचाळीस निवट्या चौथ्या दिवशी टणाटण उड्या मारत होत्या. स्वच्छ पाण्यातल्या चाळीसच्या चाळीस. जी एक मेली ती टाकीबाहेर उडी मारून मेली, तेव्हा तिचा दोष पाण्याला देता येत नाही.

अहवाल दिला. समिती खूश, प्राचार्य खूश. तुमचं वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी आहे. समितीने पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं, खाली 'तज्ज्ञ' म्हणून माझी सही घेतली, आणि कोळीवाड्याच्या धक्क्यावर बर्फाच्या खोलीच्या दाराला चिकटवलं. 'च'सकट.

तुमच्या गणूबद्दल. आम्ही 'लायक' हा शब्द नुसता कधीच वापरत नाही. कुठे लायक, कशासाठी लायक, हे विचारावंच लागतं. ध्रुवावरचं अस्वल पनवेलला आणलं तर नालायक. एवढं समजून घेतलंत तर सासूबाईंना चुलीजवळ बसायची परवानगी आहे.

निकाल सांगायला मी बुधाजींच्या घरी गेले होते. त्यांना मी सगळं समजावलं. ऐकून घेतलं, बिडी विझवली, आणि म्हणाले, "बाय, हे उरलेले हायेत. गेले त्यांना कोन इचारील?" मग बोटांवर मोजत सांगत बसले, पहिला जितारा गेला, मंग कोलंबी, मंग बोईट, मंग खरबी. आता खारीत निवटीच हाय. मला हसू आलं. म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच, आमच्या वेळी असं नव्हतं!

त्यांची बायको गंगाबाई मात्र कागदाने खुलली आहे. घरात सून आहे रिया, उरणच्या कोळ्यांची मुलगी. तिसरा महिना चाललाय. त्यांच्या घरात पोटुशी बाईला रोज निवट्यांचं कालवण देतात, म्हणजे पोर निवटीसारखं चपळ होतं. पण ही रिया खाडीचा मासा तोंडाला लावेना. वास येतो म्हणे. सासू-सुनेचं यावरून महिनाभर वाजत होतं. माझ्यासमोर गंगाबाई तिला म्हणाली, "आता तं शिकलेल्या बायनी लिवून दिलाय. आता कसला वास येतंय तुला?" रिया माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, खा गं, काही होत नाही.

निघताना गंगाबाईने डबाभर निवट्या दिल्या. मी तिखट कालवण केलं आणि एकटीनेच खाल्लं. विश्वजीतने हात लावला नाही. घाटावरचा माणूस, त्याला खाडीचा मासा चालत नाही. चारुतालाही देऊ दिला नाही, काटे असतात म्हणे. निवटीला कसले आलेत एवढे काटे!

अरुंधती


मिरज
२ जानेवारी १९९५

चि. अरुंधती,

नवं वर्ष सुखाचं जावो, असं लिहितोय खरा, पण मन त्यात नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाक्य वाचनालयातल्या चार म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. माना डोलावून घेतल्या. घरी येऊन पुन्हा पत्र वाचलं आणि तुझ्या बुधाजीपाशी अडकलो. तीन आठवडे तिथेच आहे.

अरू, तो म्हातारा जुने दिवस आठवत नव्हता. तो तर्कशास्त्र सांगत होता. तुझ्या टाकीत ज्या निवट्या आल्या त्या याच खाडीतल्या ना? नाल्याजवळच्या? म्हणजे ज्यांना ते पाणी सोसत नव्हतं त्या कधीच मेल्या. ज्यांना सोसलं त्यांची पोरं, त्यांची नातवंडं घागरीत भरून तुझ्याकडे आली. त्यांना तू विचारलंस, पाणी कसं आहे? त्या म्हणणार, उत्तम आहे. दंगलीतून वाचलेल्या चाळीस जणांना बोलावून विचारावं, की दंगलीत कोणी मेलं का, आणि सगळे हजर आहेत असं लिहून टाकावं, तसं झालं हे.

कुठे लायक, असं विचारावंच लागतं, हे तूच मला लिहिलंस. मग विचारलं का नाहीस?

आणि तुला कशाला बोलू? गणूचं चक्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याच पत्रात, पुढच्याच परिच्छेदात, त्याच चक्रात बसून तुला वाक्य घोटून दिलं. टिकलं म्हणजे योग्य, योग्य कारण टिकलं. चाळीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिकेत ज्या चुकीला मी तांबडी रेघ मारली, ती माझीच चूक पिवळ्या कागदावर छापून दाराला लागली आहे. 'च'सकट.

दुसरी खाडी बघ. जिथे कारखाने नाहीत तिथल्या निवट्या आण आणि या पाण्यात सोड.

आणखी एक विचारतो, राग मानू नकोस. विश्वजीत रत्नागिरीला असताना तुझ्या आईच्या हातचे खाडीचे मासे मिटक्या मारत खात असे. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो तिथे काय बनवतो, आणि ते जातं कुठे, हे तू त्याला कधी विचारलंस का?

काका


नवीन पनवेल
१५ जानेवारी १९९५

ती. काका,

वेगळ्या पुडीत तिळगूळ पाठवलाय. गोड बोलायचं मात्र या पत्रात जमणार नाही.

चाचणीची पद्धत मी ठरवली नाही, ती ठरलेली आहे. मासे स्थानिक घ्यावेत असं त्यात लिहिलंय. मी स्थानिक घेतले. मिरजेत आरामखुर्चीत बसून शंका काढणं सोपं असतं. इथे तीसजणांची सही झालेला अहवाल आहे, त्यात माझी एक.

आणि विश्वजीतला मध्ये आणू नका. आठ वर्षं तो त्या कारखान्यात हाडं झिजवतोय. मार्चमध्ये त्याला पाळीप्रमुख करणार आहेत. त्याला मासा आवडत नाही, एवढीच गोष्ट आहे. माणसाच्या आवडी बदलतात.

अरुंधती


(पोस्टकार्ड)
मिरज, ६ फेब्रुवारी १९९५

रागावलीस तर रागाव. तिळगूळ पोचला, दातांना जड गेला. फक्त एक घागर दुसरीकडची आण. ती मुलगी रोज खाते आहे.

प्र.


नवीन पनवेल
३ एप्रिल १९९५

ती. काका,

तुमचं कार्ड मी फाडलं होतं. शेवटचं वाक्य तेवढं फाटलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला मुलांची सहल रेवदंड्याला नेली. तिथल्या खाडीतून घागरभर निवट्या आणल्या. कोणाला न सांगता टाक्या पुन्हा लावल्या. तेच पाणी, तोच नाला, तेवढेच मासे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी नाल्याच्या पाण्यातल्या अकरा मेल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत चौतीस; स्वच्छ पाण्यातली एकही नाही. शेवटच्या सहा जणी टाकीच्या काचेला परांनी चिकटून पाण्याच्या वर यायला बघत होत्या. पाण्यातून जमिनीकडे निघालेला जीव असं मी तुम्हाला लिहिलं होतं. माझ्यासमोर त्या खरोखरच पाणी सोडून पळत होत्या. मी टाकीशी स्टूल घेऊन बसले आणि शिपाई शिवा कुलूप लावायला येईपर्यंत रडले.

मग इथल्या, आमच्या खाडीतल्या निवट्यांचं मांस मुंबईला एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर परवा आलं. पारा आहे. माणसाने खाऊ नये त्याच्या कितीतरी पट. त्या टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या निरोगी नव्हत्या, काका. विष पोटात ठेवून जगायला शिकल्या होत्या. मेल्या असत्या तर कोणी खाल्ल्या नसत्या. त्या जगल्या, हेच वाईट झालं.

मुलांना मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते, एक जीव दुसऱ्याचं अन्न. लहान बाण, मोठा बाण. शेवटच्या बाणाच्या टोकाला माणूस काढते. यंदा तिथे रिया आहे.

विश्वजीतसमोर प्रयोगशाळेचा कागद ठेवला. त्याने वाचलाही नाही. म्हणाला, मला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. मग तू मला अहवाल का लिहू दिलास, असं विचारलं. म्हणाला, मला वाटलं मासे मरतील आणि तुझ्याच हातून खरं बाहेर येईल. मग मला काही बोलावं लागणार नाही. मासे मेले नाहीत. मग तोही बोलला नाही. चारुताला तेवढं वाचवलं त्याने.

आणि मी? मी डबाभर खाल्लं, त्याने बघितलं.

काल धावत कोळीवाड्यात गेले. रियाला सातवा लागलाय. गंगाबाईला सांगितलं, आता मासा बंद. ती हसली. "बाय, तुमचेच कागदावर लिवलाय, पानी बरा हाय. तोंडचा खरा का कागदावरचा खरा?" तिचा मुलगा मिथुन, रियाचा नवरा, म्हणाला, मॅडम, तसं असेल तर दुसरा कागद आणा, आईला कागदच पटतो.

प्राचार्य म्हणतात, अहवाल मागे घेतलास तर कॉलेजची अब्रू जाईल. विश्वजीत म्हणतो, महिनाभर थांब, माझी नेमणूक पक्की होऊ दे, नाहीतर घर सोडावं लागेल. काय करू ते सांगा.

अरुंधती


मिरज
१० एप्रिल १९९५

अरू,

हे पत्र मिळेल त्या दिवशी दुसरा कागद लिही. माझ्याकडून वाक्य मागू नकोस. मला घोटीव वाक्यांची आता भीती वाटते.

नोकरी गेली तर जाऊ दे, हे पेन्शन खाणाऱ्या म्हाताऱ्याने लिहिणं सोपं आहे, मला कळतं. तरी लिहितो. तुम्ही तिघं मिरजेला या. दोन खोल्या रिकाम्याच आहेत.

मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, की जे आहे त्यावरून जे असावं ते ठरत नाही. जगणं ही एक गोष्ट, बरं जगणं ही दुसरी. मधली दरी कोणत्याही शास्त्राला बुजवता येत नाही. एवढं एकच मला नक्की येत होतं, आणि तुला खूश करायच्या नादात मी ते एका ओळीत बुजवलं. याची लाज घेऊन मी मरणार आहे.

विश्वजीतवर फार जळू नकोस. तोही टिकायलाच बघत होता.

जा लवकर.

काका


नवीन पनवेल
२१ जून १९९५

ती. काका,

अडीच महिने मी गप्प होते. का, ते तुम्ही ओळखलं असेल. तरी माझ्या तोंडून ऐका.

तुमचं पत्र १५ एप्रिलला मिळालं. त्याच दुपारी मी कागद लिहिला. 'माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. या खाडीतला मासा कोणीही खाऊ नये, पोटुशी बायांनी तर मुळीच नाही.' खाली सही. पर्समध्ये ठेवला. विश्वजीतने हात जोडले होते, फक्त नेमणुकीचा कागद हातात येऊ दे. मी म्हटलं, आठवडाभर. मग आणखी एक. पस्तीस दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता, काका. कॉलेजला नेला, भाजीला नेला. चारुताच्या वाढदिवसाला केक आणायला गेले तेव्हाही होता.

विश्वजीतची नेमणूक १८ मेला झाली. १९ला मी समितीला कागद दिला आणि त्याची प्रत घेऊन धक्क्यावर गेले. बर्फाच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची जनी म्हणाली, बुधाजीकडचे सगळे दवाखान्यात आहेत, रियाला लवकर कळा आल्या. प्रत लावायची राहिली, मी तिकडे धावले.

मुलगा झाला. आता महिन्याचा आहे. त्याला अंगावर ओढता येत नाही, रिया कापसाच्या बोळ्याने दूध घालते. हातपाय लाकडासारखे ताठ. दिवसातून चार-पाचदा आकडी येते. डोळे उघडे असतात, पण त्यांच्यासमोर बोट नेलं तर हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, माशामुळेच असं खात्रीने सांगता येणार नाही, अशी मुलं कुठेही होतात. आणि माशामुळे असलं तरी नुकसान आधीच्या महिन्यांतलं, शेवटच्या पस्तीस दिवसांचं फारसं नाही. हे मला धीर द्यायला म्हणाले असतील. आधीचे महिने कोणाचे आहेत, हे त्यांना माहीत नाही.

रिया माझ्याशी एकच वाक्य बोलली. "मला वास येत व्हता, मॅडम." रडली नाही, ओरडली नाही. तुम्ही आणि मी तत्त्वज्ञान आणि शास्त्र घेऊन भांडत होतो, आणि तिचं नाक बरोबर होतं.

समितीची बैठक जुलैच्या शेवटी आहे. माझा कागद तेव्हा 'विचारात घेतला जाईल'. विश्वजीतने परवा राजीनामा दिला. मी मागितला नव्हता. नेमणुकीनंतर बरोबर एक महिना टिकला. म्हणतो, ताटावर बसलो की मासा नसला तरी मासा दिसतो. आम्ही पुढच्या महिन्यात मिरजेला येतोय. दोन खोल्या झाडून ठेवा. खोकल्याला मी बघते.

पण आज पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

सकाळी नवा कागद लावायला धक्क्यावर गेले होते. समितीची वाट न बघता. पिवळा कागद उन्हाने पांढरा पडलाय, पण तुमचं वाक्य अजून वाचता येतं. मी तो नखांनी खरवडून काढत होते, तेवढ्यात बुधाजी आले. नातवाला फडक्यात गुंडाळून वारा दाखवायला आणलं होतं. एवढंसं तोंड, मूठ घट्ट आवळलेली. मला वाटलं, आता हे मला शिव्या देतील. मी तयार होते. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या.

त्यांनी मला थांबवलं. कागदावर हात ठेवला. वाचता येत नाही त्यांना, पण एवढ्या महिन्यांत सगळ्या धक्क्याला ते वाक्य पाठ झालंय. ते त्यांनी हळूहळू म्हटलं, शब्द न् शब्द. मग नातवाकडे बघितलं.

"बाय," म्हणाले, "डाक्टर बोलला व्हता, आठ दिस काडनार नाय. महिना झाला, पोर टिकलाय. मंग कागदापरमानं पानी बरा हाय ना?"

ते टोमणा मारत नव्हते, काका. मला टोमणा कळतो. ते खरंच विचारत होते.

तुमची
अरुंधती